टायरवर नाव त्याचं, कोट्यवधी कमावले दुसऱ्यांनी : चाकात हवा भरणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरची गोष्ट

पावसाळा तोंडावर आला की टायरच्या दुकानांपुढं टू-व्हीलरची रांग लागते. मागचा टायर पार गोटा झालेला असतो. पहिल्या सरीत गाडी सरकणार अशी धास्ती असते, म्हणून शेवटी आपण दुकानात जाऊन उभे राहतो. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठल्या कंपनीचा देऊ? आपलं उत्तरही ठरलेलं असतं. मित्राच्या गाडीला आहे तो, नाहीतर मॅचच्या मधे ज्याची जाहिरात दिसते तो.

म्हणजे आपण टायर घेतो तो नावावर.

आता गंमत बघा. टायरच्या धंद्यात जी जुनी नावं आहेत त्यातलं एक नाव म्हणजे डनलॉप. हे नाव एका खऱ्याखुऱ्या माणसाचं आहे. हा गडी इंजिनिअर नव्हता, कारखानदार नव्हता आणि शर्यतीत गाडी पळवणारा तर अजिबातच नव्हता. तो होता जनावरांचा डॉक्टर. त्यानं चाकात हवा भरली आणि अख्ख्या जगाचा प्रवास बदलून टाकला. पण पुढं पेटंट गेलं, कंपनी गेली आणि म्हातारपणी स्वतःच्याच चेहऱ्यासाठी त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली.

त्याची ही गोष्ट वाचली तर पुढच्या वेळी टायर घेताना तुम्ही कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी विचाराल.

दोन महिने आधी जन्मलेलं पोर

जॉन बॉईड डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा. गाव ड्रेगहॉर्न, स्कॉटलंडच्या आयरशायर भागातलं. घरी शेती. पोरगं दिवस भरायच्या दोन महिने आधीच जन्माला आलं. त्यामुळं आपली तब्येत नाजूक आहे असं त्याच्या डोक्यात जे बसलं ते आयुष्यभर निघालं नाही. सगळी हयात तो जपून राहिला आणि ८१ वर्षं जगला.

शेतात राबण्यापेक्षा पोराचा ओढा शिक्षणाकडं होता. तो एडिंबरोला गेला आणि तिथल्या पशुवैद्यकीय कॉलेजातून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी जनावरांचा डॉक्टर होऊन बाहेर पडला. काही वर्षं स्कॉटलंडमध्ये काम केल्यावर १८६७ च्या सुमाराला त्यानं समुद्र ओलांडून आयर्लंड गाठलं. डाउनपॅट्रिक गावात भाऊ जेम्सबरोबर दवाखाना काढला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सनशी लग्न झालं. एक मुलगी झाली, एक मुलगा झाला. पुढं त्यानं बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर आपला दवाखाना थाटला.

तो काळ घोड्यांचा. माल ओढायला घोडा, प्रवासाला घोडा, ट्रामलासुद्धा घोडा. शहराचं सगळं रहाटगाडगं घोड्यांच्या पायावर चालायचं, म्हणजे घोड्याच्या डॉक्टरला कामाची कमी नव्हती. १८८० च्या दशकात डनलॉपचा दवाखाना आयर्लंडमधल्या मोठ्या दवाखान्यांत गणला जायचा. पैसा होता, मान होता. चाकाचा शोध लावायची त्याला काही गरज नव्हती.

पण दोन गोष्टी त्याच्याकडं होत्या. एक म्हणजे जनावरांच्या उपचारासाठी लागणारी साधनं तो स्वतः बनवायचा. त्यात रबर वापरायचा, त्यामुळं रबर कुठं ताणतं, कुठं फाटतं, कसं चिकटतं हे त्याच्या हाताला माहीत होतं. दुसरी गोष्ट म्हणजे चाक नीट फिरत नसेल तर त्याची किंमत ओढणारं जनावर मोजतं, हे तो रोज बघत होता.

बेलफास्टचे दगड आणि पोराची तीनचाकी

त्याचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. त्याला तीनचाकी सायकल मिळालेली. त्या काळच्या चांगल्या सायकलींना भरीव रबराची पट्टी असायची, म्हणजे आत हवा नाही, नुसतंच रबर. बेलफास्टच्या रस्त्यांवर दगड बसवलेले आणि मधून ट्रामचे रूळ. अशा रस्त्यावरून सायकल चालवली की हादरे थेट मणक्यात. पोरगं बापाकडं कुरकुर करायचं आणि आपली सायकल इतरांच्या पुढं पळावी असंही त्याला वाटायचं.

दुसरा एखादा बाप असता तर त्यानं सीटवर जाडसर उशी बांधून दिली असती. डनलॉपनं मात्र चाकाकडं बघितलं.

१८८७ च्या ऑक्टोबर महिन्यातली ही गोष्ट. त्यानं लाकडाची एक गोल तबकडी घेतली. रबराच्या पातळ शीटची नळी करून ती तबकडीच्या कडेवर गुंडाळली. नळी फुगून फुटू नये म्हणून तिच्यावर लिननच्या कापडाचं आवरण घातलं आणि ते लाकडाला खिळ्यांनी ठोकलं. मग फुटबॉलमध्ये हवा भरायचा पंप घेतला आणि नळीत हवा भरली.

आता मुद्द्याची गोष्ट पुढं आहे. चाक दिसायला कसं आहे, लोक काय म्हणतील, याचा त्यानं विचार केला नाही. त्यानं चाचणी घेतली. दवाखान्याच्या मागच्या अंगणात आधी तीनचाकीचं भरीव रबराचं चाक सोडलं. ते थोडं लांब गेलं आणि आडवं पडलं. मग तेवढ्याच जोरानं हवेची तबकडी सोडली. ती अख्खं अंगण पार करून फाटकाच्या खांबाला धडकली आणि उसळी मारून मागं आली.

अंगण तेच, हात तोच, जोर साधारण तेवढाच. फरक फक्त हवेचा.

मग त्यानं तीनचाकीच्या मागच्या दोन चाकांना असे टायर बसवले. १८८८ च्या सुरुवातीला एका चांदण्या रात्री जॉनी ती सायकल घेऊन बाहेर पडला. मोटारबाईकच्या टायरचा इतिहास काढायचा झाला तर पहिला टेस्ट रायडर म्हणून या पोराचं नाव घ्यावं लागेल. पोरगं खुशीत परत आलं. बापानं कंदिलाच्या उजेडात म्हणा किंवा चांदण्यात म्हणा, टायर तपासले. त्यांचं काही बिघडलं नव्हतं.

हवेनं नेमकं काय केलं?

भरीव चाक दगडावर आदळलं की त्या दगडावर चढायला अख्खं चाक वर उचललं जातं. चाकाबरोबर गाडी उचलली जाते, गाडीबरोबर माणूस. पुढं जाण्यासाठी लावलेली ताकद वर उचलण्यात आणि आपटण्यात वाया जाते. हवेचा टायर त्या दगडावर दबतो, दगड पोटात घेतो आणि पुढं निघून जातो. चाक फारसं वर उठतच नाही. म्हणून हादरा कमी आणि ताकदही कमी.

यातूनच आजच्या कुठल्याही बाईकस्वाराला कामाची गोष्ट कळते. गाडीचं वजन रबर उचलत नाही, हवा उचलते. रबर आणि आतलं कापड या हवेला धरून ठेवतात. हवा कमी असेल तर बाजारातला सगळ्यात महाग टायरही वळणावर लडबडतो, आतून तापतो आणि कडांनी झिजतो. हवा जास्त असेल तर तोच टायर भरीव चाकासारखा उड्या मारतो, रस्त्याला कमी टेकतो आणि मधोमध झिजतो. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग असतोच केवढा? जेमतेम तळहाताएवढा. ब्रेक, वळण, ओला रस्ता, सगळ्याचा भार त्या दोन तळहातांवर.

डनलॉपनं २३ जुलै १८८८ ला पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला ते मंजूर झालं.

लोक हसले आणि मग गप्प झाले

पेटंट मिळालं तरी लोकांना ते जाडजूड टायर बघून हसू यायचं. सायकल म्हणजे बारीक चाकं, हे डोक्यात बसलेलं. त्यात हे फुगलेलं प्रकरण.

बेलफास्टमध्ये विली ह्यूम नावाचा सायकलपटू होता. बेलफास्ट क्रूझर्स या क्लबचा तो कॅप्टन. त्यानं हवेचे टायर लावलेली सायकल घेतली आणि १८ मे १८८९ ला क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर शर्यतीत उतरला. बघ्यांनी टिंगल केली. पण शर्यती सुरू झाल्या आणि टिंगल थांबली. ह्यूमनं एकामागून एक शर्यती मारल्या. थोड्याच दिवसांत तो इंग्लंडला लिव्हरपूलला गेला आणि तिथंही तेच करून आला.

ज्यांना त्यानं मागं टाकलं त्यात ड्यू क्रॉस घराण्यातली मुलं होती. त्यांचे वडील हार्वे ड्यू क्रॉस म्हणजे डब्लिनचे व्यापारी आणि आयर्लंडच्या सायकल संघटनेचे अध्यक्ष. पोरं हरली म्हणून ते रुसून बसले नाहीत. पोरांना कशानं हरवलं ते त्यांनी नीट बघितलं.

१८८९ मध्येच डब्लिनला कंपनी उभी राहिली. सूत्रं ड्यू क्रॉस यांच्याकडं, पेटंट डनलॉपचं. सगळं कसं जमून आलेलं.

आणि मग पेटंटच उडालं

१८९० मध्ये कळलं की डनलॉपच्या आधी हा शोध कुणीतरी लावून ठेवलाय. तोही एका स्कॉटिश माणसानंच.

रॉबर्ट विल्यम थॉमसन त्याचं नाव. १८४५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यानं हवेच्या चाकाचं पेटंट घेतलेलं. तेव्हा डनलॉप पाच वर्षांचा होता. थॉमसननं रबर लावलेल्या कापडाची नळी केली, वरून चामड्याचं आवरण घातलं आणि १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ती चाकं लावून लोकांना दाखवली. चाकं चाललीही छान.

पण तेव्हा सायकलींचा जमाना यायचा होता. मोटारी तर स्वप्नातही नव्हत्या. घोडागाडीवाल्याला इतक्या खर्चाचं चाक नको होतं. शोध बरोबर होता, वेळ चुकली. लोक विसरून गेले आणि थॉमसन १८७३ मध्ये वारला.

डनलॉपला थॉमसनची ही चाकं ठाऊक नव्हती. त्यानं जे केलं ते स्वतःच्या डोक्यानं आणि हातानं केलं. पण पेटंटचा कायदा भावना बघत नाही. आधी कुणी केलं एवढंच बघतो. डनलॉपचं मूळ पेटंट बाद ठरलं.

म्हणजे कंपनी उभी राहून पुरतं वर्षही झालं नव्हतं आणि तिच्या पायाखालची फरशी निघाली.

कंपनी वाचवली ती दोन तारांनी आणि एका कडेनं

पेटंटपेक्षाही मोठी अडचण रस्त्यावर होती. पंक्चर. डनलॉपचा टायर रिमला कापडानं गुंडाळून चिकटवलेला असायचा. पंक्चर काढायचं म्हणजे सगळं सोलून काढा, ठिगळ लावा, परत चिकटवा, वाळू द्या. शर्यतीपुरतं ठीक, पण रोज कामावर जाणाऱ्या माणसानं काय करायचं?

इथं दुसऱ्यांची डोकी कामाला आली. चार्ल्स किंग्स्टन वेल्च यानं १८९० मध्ये टायरच्या दोन्ही कडांत तार घातली आणि त्या तारा बसतील असं खोलगट रिम केलं. टायर हातानं काढता आणि बसवता येऊ लागला. त्याच वर्षी विल्यम बार्टलेट यानं रिमच्या वळलेल्या कडेत अडकणारा टायर काढला. कंपनीनं ही दोन्ही पेटंट आपल्याकडं घेतली आणि धंदा वाचला.

आज तुमच्या बाईकचा टायर काढताना मेकॅनिक जी कडक कड लिव्हरनं उचलतो, तिच्यात ती तार असते. म्हणजे टायरमधली हवा डनलॉपची, त्याच्याही आधी थॉमसनची, आणि टायर रिमला धरून ठेवायची युक्ती वेल्चची.

अजून एक गंमत. जुन्या सायकलीच्या चाकाला बारीक रबरी नळी घातलेला व्हॉल्व्ह असायचा. त्यातली व्हॉल्व्ह-ट्यूब सडली की चाक बसायचं आणि आपण दुकानातून ती विकत आणायचो, आठवतंय? त्या व्हॉल्व्हला जगभर डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. तो केला वूड्स नावाच्या माणसानं. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं, हे या धंद्यात पहिल्यापासून आहे.

तो बाजूला झाला आणि पैशांचा पाऊस पडला

डनलॉप १८९२ मध्ये बेलफास्ट सोडून डब्लिनला राहायला आला. कंपनीत मान होता, पण चालायचं ड्यू क्रॉस यांचं. डनलॉपचा जीव धंद्याच्या डावपेचात रमणारा नव्हता. १८९५ मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, अर्नेस्ट टेरा हूली नावाच्या इंग्लंडच्या एका सटोडियानं ही कंपनी ३० लाख पौंडांना विकत घेतली. संचालक मंडळावर बडी बडी सरदार मंडळी बसवली आणि तीच कंपनी ५० लाख पौंडांना लोकांच्या गळ्यात मारली. १८९६ चे ५० लाख पौंड म्हणजे किती, याचा हिशेब करायला बसलात तर डोकं गरगरेल.

डनलॉप तेव्हा डब्लिनमध्ये होता. उपाशी नव्हता. एका कापडाच्या दुकानात त्याची भागीदारी होती आणि घर सुखात चाललेलं. पण त्याच्या शोधातून जी अफाट संपत्ती निघाली, ती त्याच्या वाट्याला आली नाही. आणि हूलीचं म्हणाल तर तो दोनच वर्षांत दिवाळखोर झाला. कंपनी मात्र वाढत राहिली.

याच दरम्यान आपल्या विषयाची गाडी रस्त्यावर आली. १८८५ मध्ये जर्मनीत डाइमलरनं जी पहिली पेट्रोलवरची दुचाकी केली तिची चाकं लाकडाची होती आणि त्यावर लोखंडी पट्टा. बसणाऱ्याचं काय झालं असेल ते तोच जाणे. १८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रँड आणि वोल्फम्युलर यांनी विकायला म्हणून मोटारसायकली बनवायला सुरुवात केली आणि तिला हवेचे टायर होते. दोन्हींमध्ये अंतर नऊ वर्षांचं. मधे जे घडलं ते बेलफास्टच्या अंगणात. इंजिन किती का ताकदीचं असेना, ती ताकद रस्त्यावर उतरवायला चाकात हवा लागते, हे तेव्हाच ठरून गेलं.

डोकं त्याचं, धड दुसऱ्याचं

डनलॉपची दाढीवाली छबी कंपनीची ओळख बनली. छबी वापरायला त्यानंच परवानगी दिलेली. पण काळ पुढं गेला तशी जाहिरात करणाऱ्यांची हौस वाढली. त्यांनी म्हाताऱ्याचं डोकं घेतलं आणि ते एका उंचपुऱ्या, नटव्या माणसाच्या धडावर बसवलं. डोक्यावर उंच टोपी, हातात छडी, अंगावर झकपक कपडे. असा हा डनलॉप जाहिरातींमधून मिरवायला लागला.

खरा डनलॉप साधा, मितभाषी आणि तब्येतीला जपणारा माणूस. त्याला हा प्रकार भयंकर लागला. पैसा गेला त्याबद्दल त्यानं रान उठवलं नाही, पण आपलं सोंग करून टायर विकले जातायत हे त्याला सहन झालं नाही. ज्या कंपनीला त्याचं नाव होतं, त्याच कंपनीवर डनलॉपनं बदनामीचा दावा ठोकला. कंपनी इंग्लंडची, फिर्यादी आयर्लंडमधला, मग खटला कुठं चालवायचा यावरच भांडण झालं. प्रकरण थेट लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. वयाच्या ऐंशीच्या घरात माणूस स्वतःच्या चेहऱ्यासाठी लढत होता.

१९२१ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला साधी सर्दी झाली. २३ ऑक्टोबरला डब्लिनच्या घरी तो गेला. आयुष्यभर तब्येतीची काळजी केली, मोठं आजारपण कधी आलं नाही, आणि एका सर्दीनं नेलं. हवेच्या टायरचा इतिहास त्यानं स्वतः लिहून ठेवलेला. ते पुस्तक त्याच्या पश्चात निघालं.

पुढं उत्तर आयर्लंडमधल्या नॉर्दर्न बँकेनं त्याचं चित्र १० पौंडांच्या नोटेवर छापलं. ज्याच्या वाट्याला शोधाचा पैसा आला नाही, त्याचा चेहरा पैशावर आला.

आपल्याकडचं डनलॉप

आपल्याकडं हे नाव टायरच्या आधी बऱ्याच घरांत पोचलं ते गादीमुळं. लग्नात डनलॉपची गादी देणं हा एकेकाळी मोठेपणा होता. रबराच्या फेसाची ही गादी १९२९ मध्ये डनलॉप कंपनीच्या शास्त्रज्ञांनी काढली. मूळ डनलॉप जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्याचा आणि गादीचा काडीचाही संबंध नाही, तरी नाव त्याचंच.

१९३६ मध्ये बंगालमधल्या हुगळीजवळ साहागंजला डनलॉपचा टायर कारखाना सुरू झाला. पुढं अनेक वर्षांनी तो बंद पडला. आज जगाच्या वेगवेगळ्या भागांत हे नाव वेगवेगळ्या मालकांच्या हातात आहे. म्हणजे नाव तेच असलं तरी टायर बनवणारा तोच असेल असं नाही.

पण त्या जनावरांच्या डॉक्टरला आपल्याकडचं काय आवडलं असतं सांगू? गळीत हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसानं लादलेल्या टायरच्या बैलगाड्या. जुन्या लाकडी चाकांच्या गाडीपेक्षा ती गाडी बैलांना हलकी जाते. लादणाऱ्यानं प्रमाणाबाहेर लादली तर बैलांचे हाल होतातच, तो भाग वेगळा. पण चाक नीट फिरलं तर जनावराचा त्रास कमी होतो, हे घोड्यांच्या डॉक्टरला रोज दिसत होतं आणि ते इथं दिसतं.

मग टायर घ्यायचा कसा?

डनलॉपनं अंगणात जे केलं तेच करायचं. नाव बाजूला ठेवायचं आणि काम बघायचं. तुम्हाला दुकानात चाकं सोडून बघता येणार नाहीत, पण चाचणीचे निकाल टायरच्या अंगावरच छापलेले असतात. ते वाचायचे.

समजा टायरवर १००/९०-१७ आणि पुढं ५५ आणि इंग्रजी पी असं लिहिलंय. १०० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ९० टक्के. १७ म्हणजे १७ इंची रिम. ५५ हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ तो टायर पुरेशी हवा असताना २१८ किलो पेलतो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेगापर्यंत चालतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय त्यापेक्षा वजनाचा आणि वेगाचा आकडा कमी नको. मागं माणूस बसवून आणि सामान बांधून लांब जाणाऱ्यांनी तर हे आधी बघायचं.

मापाचा मोह टाळा. रुंद टायर लावला की गाडी दांडगी दिसते, हे खरं. पण रिम अरुंद आणि टायर रुंद असला की टायरची गोलाई बिघडते, वळणावर गाडी झुकताना अंदाज चुकतो आणि मायलेजही खाली येतं. लोक काय म्हणतील यावर चाक ठरवू नये, ही ह्यूमच्या शर्यतीपासूनची शिकवण आहे.

मग नक्षी. ओल्या रस्त्यावर टायरखालचं पाणी बाहेर काढायचं काम खाचा करतात. खेड्यातल्या कच्च्या रस्त्यावर मोठ्या गट्टूंची नक्षी चिखल धरते, पण तोच टायर डांबरावर रोज चालवला तर रस्त्याला रबर कमी टेकतं, गट्टू हलतात आणि ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. तुमचा दहातला नऊ वेळचा रस्ता कुठला आहे ते आठवा आणि त्यासाठी टायर घ्या. हिमालयाची ट्रिप वर्षातून एकदा असते, ऑफिस रोज असतं.

रबर कडक की मऊ हेही विचारा. कडक रबर जास्त किलोमीटर जातं, मऊ रबर रस्ता जास्त धरतं पण लवकर झिजतं. दोन्ही एकाच टायरमध्ये पुरेपूर मिळत नाही. कुणी मिळतं म्हणालं तर त्याच्याकडं जरा संशयानं बघा.

टायर ताजा आहे का ते बघा. बाजूवर चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पडून राहिलेलं रबर कडक होतं, नक्षी कोरी असली तरी. ट्यूबलेस टायर ट्यूबलेस रिमलाच घ्या. बाजूवर बाण असेल तर बाणाच्या दिशेनं चाक फिरायला हवं, बसवताना डोळ्यांनी खात्री करा. पुढचा एका जातीचा आणि मागचा भलत्याच जातीचा, असं मिश्रण गाडीच्या कंपनीनं सांगितल्याशिवाय करू नका. आणि नवा टायर घातल्यावर पहिले शंभरेक किलोमीटर जपून चालवा, कारण त्याचा वरचा थर गुळगुळीत असतो.

नक्षीच्या खाचांत मधे मधे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मग अजून एक पावसाळा निघेल का, असा विचार करायचा नाही.

आणि शेवटी हवा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा पुढं-मागं वेगळा असतो, एकट्यासाठी आणि दोघांसाठीही बहुतेक वेळा वेगळा असतो. सकाळी टायर थंड असताना तपासायचा. टायर चालून तापला की आकडा वाढीव दिसतो. अंगठ्यानं दाबून ठीक आहे म्हणणारे बरेच भेटतील. डनलॉपनंसुद्धा अंगठ्यावर विश्वास ठेवला नव्हता. त्यानं दोन चाकं सोडून बघितली होती.

थॉमसनचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. वेल्चचं तर नाहीच. डनलॉपचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण ते गादीवर आहे, व्हॉल्व्हवर आहे आणि त्यानं कधी न पाहिलेल्या कारखान्यांच्या टायरवरही आहे. नाव इकडून तिकडं जातं, विकलं जातं, दुसऱ्याच्या धडावर बसवलं जातं. पावसात घाटाच्या वळणावर तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा खाली असतं ते तळहाताएवढं रबर आणि त्याच्या आतली हवा. पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा दोन मिनिटं काढा आणि ती हवा तपासा.